घरातले सगळे हार्डवायर्ड स्मोक अलार्म बदलले: एक दिवाळी, एक हिवाळा आणि रोजच्या फोडण्यांनंतर

न्यू जर्सीतलं आमचं घर २००८ सालचं. खाली बेसमेंट, मध्ये स्वयंपाकघर आणि दिवाणखाना, वर बेडरूम. घर बांधतानाच छतातून वायर ओढून सगळे स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले, म्हणजे बेसमेंटमधला वाजला की वरचेही सगळे वाजणार. गेल्या ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, आम्ही ते एकजात सगळे काढले आणि नवे लावले. त्यानंतर त्यांनी मोदकांची वाफ पाहिली, चकलीचं तेल पाहिलं, फर्नेसची पहिली धूळ पाहिली आणि आता जूनची दमट हवाही पाहतायत. एवढं झाल्यावरच लिहायचं असं मी ठरवलं होतं, कारण या वस्तूबद्दल पहिल्या आठवड्यात काहीच सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगते. अलार्म जुना झाला तर बदलायचाच, त्यावर चर्चा नको. पण नवा घेताना एकच प्रश्न स्वतःला विचारावा: हा अलार्म आपल्या स्वयंपाकाला उगाच ओरडेल का? जो उगाच ओरडतो तो कधी ना कधी छतावरून उतरतो, बॅटरी काढून ड्रॉवरमध्ये जातो आणि तिथेच राहतो. इथल्या आपल्या कितीतरी घरांत छतावर नुसती गोल पाटी आणि लोंबणारा प्लग मी पाहिलाय. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत घराच्या आगीत होणाऱ्या दर ५ मृत्यूंपैकी जवळजवळ ३ मृत्यू अलार्म नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांत होतात. तो लोंबणारा प्लग दिसला की मला पहिला हाच आकडा आठवतो.

जुन्यांचं काय बिघडलं होतं

सुरुवात नेहमीसारखीच, पहाटेच्या टिकटिकीने. दर मिनिटाला एक बारीक ‘चिप’, आणि तीही पहाटे तीन-चारच्या सुमाराला. यात योगायोग नाही. रात्री घर सर्वांत थंड होतं, थंडीत बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि व्होल्टेज किंचित खाली येतं. दिवसा जेमतेम तग धरणारी बॅटरी त्या वेळी सीमारेषा ओलांडते. सकाळी घर तापलं की आवाज बंद, आणि आपण विसरून जातो.

कोणता अलार्म टिकटिकतोय हे शोधणं खरंच अवघड असतं, त्यात आपल्या कानांचा दोष नाही. हा आवाज साधारण ३१०० हर्ट्‌झच्या आसपास असतो आणि क्षणभरच येतो. अशा उंच आणि तोकड्या आवाजाची दिशा माणसाला नीट कळत नाही. उपाय एकच: घरातल्या एकेका माणसाने एकेका अलार्मखाली उभं राहायचं आणि पुढच्या ‘चिप’ची वाट पाहायची. आणखी एक गोष्ट तपासा, कारण ती बऱ्याचदा निसटते. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलेला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही असाच टिकटिकतो. त्याचं आयुष्य तर याहून कमी, जुन्या मॉडेलचं ५ ते ७ वर्षं. आम्ही वर छताकडे बघत होतो तेव्हा बेसमेंटच्या जिन्याखाली तोही आपली मुदत संपल्याचं सांगत होता.

बॅटरी बदलूनही टिकटिक चालू राहिली तर तीन शक्यता. एक, बॅटरी नीट बसलेली नाही किंवा त्या मॉडेलला चालणारी नाही. अलार्मच्या आतल्या लेबलवर कोणत्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या चालतात त्यांची यादी छापलेली असते, ती वाचा. दोन, सर्किटमध्ये जुनी आठवण उरली आहे. अशा वेळी ब्रेकर बंद करून, अलार्मचा प्लग आणि बॅटरी दोन्ही काढून, टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं आणि मग पुन्हा जोडायचं. तीन, अलार्म म्हातारा झाला आहे, आणि त्याला बॅटरी नको, निवृत्ती हवी आहे.

आमच्याकडे हे तिसरं होतं. त्याशिवाय दुसरं लक्षण जास्त त्रासदायक: काही कारण नसताना अख्खं घर एकदम वाजायचं. सगळे जोडलेले असल्यामुळे एकाच्या पोटात कोळी शिरला तरी सगळे ओरडतात. अशा वेळी घाईघाईत कुठलंही बटण दाबू नका. आधी खरंच आग नाही याची खात्री करा आणि मग दिव्यांकडे बघा. ज्या अलार्मने सुरुवात केली त्याचा लाल दिवा भराभर चमकत असतो, बाकीच्यांचा नाही. काही मॉडेलमध्ये रंग वेगळे असतात, पण सुरुवात करणारा वेगळा ओळखू येतो हे तत्त्व तेच. एकदा सगळ्यांचे आवाज बंद केले की बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये तो पुरावाही जातो. नव्यांमध्ये ही आठवण साठवून ठेवायची सोय असते आणि ती मला फार उपयोगाची वाटली.

गुन्हेगार सापडला तो वरच्या पॅसेजमधला, बाथरूमच्या दाराजवळचा. व्हॅक्युमच्या मऊ ब्रशने त्याच्या जाळीतली धूळ काढली, त्यानंतर तो काही आठवडे शहाण्यासारखा वागला आणि पुन्हा सुरू झाला. एका इलेक्ट्रिशियनने सल्ला दिला की तेवढा एक बदला, बाकीचे बटण दाबलं की वाजतायत ना. हा सल्ला मला पटला नाही. टेस्टच्या बटणाने भोंगा, वीज आणि सर्किट ठीक असल्याचं कळतं. धुराच्या चेंबरमध्ये हवा पूर्वीसारखी खेळते का, सेन्सर पूर्वीइतकाच तीक्ष्ण आहे का, हे त्या बटणाने कळत नाही. म्हणून नियम तारखेचा आहे: अलार्मच्या पाठीवर छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षं. लावल्याच्या तारखेपासून नव्हे. आमच्या सगळ्यांच्या पाठीवर २००८ होतं.

न्यू जर्सीत घर विकताना स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक नळकांडं यांचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तपासायला येणारा माणूस अलार्म उतरवून पाठची तारीख बघतो. घर विकायच्या आदल्या आठवड्यात सगळे धावपळ करून नवे अलार्म लावतात. म्हणजे नव्या मालकाच्या सुरक्षिततेसाठी जे करतो ते आपण स्वतः त्या घरात राहत असताना केलेलं नसतं, हे मला फार खटकतं.

निवड: पेटीवर काय वाचायचं

जुने अलार्म आयनीकरण प्रकारचे होते. त्यांच्या आत अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अगदी सूक्ष्म कण असतो. तो चेंबरमधली हवा भारित करतो आणि धुराचे कण आले की तो बारीकसा विद्युतप्रवाह खालावतो. ज्वाळा उठणाऱ्या आगीला हा प्रकार लवकर ओळखतो. दुसरा प्रकार फोटोइलेक्ट्रिक. त्यात एक प्रकाशझोत असतो आणि धुरावरून विखुरलेला प्रकाश सेन्सरवर पडला की भोंगा वाजतो. गादी, सोफा, वायर यांची धुमसणारी आग हा लवकर पकडतो. रात्री झोपेत घात करते ती बहुधा ही धुमसणारी.

आता आपल्या स्वयंपाकाचा मुद्दा. तापलेल्या तेलातून, जळलेल्या मोहरीतून, तव्यावरच्या पिठातून जे अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारे कण निघतात त्यांना आयनीकरणवाला फार लवकर दचकतो. फोटोइलेक्ट्रिक त्या मानाने शांत असतो, पण त्याला दाट वाफ सहन होत नाही. म्हणून स्वयंपाकघराच्या बाजूला एक प्रकार त्रास देतो आणि बाथरूमच्या दाराशी दुसरा.

या गोंधळातून वाट काढणारं एक नवं मानक आलंय: यूएल २१७ची आठवी आवृत्ती (यूएल म्हणजे वस्तूंची सुरक्षितता तपासणारी अमेरिकेतली संस्था, आणि २१७ हे तिचं स्मोक अलार्मसाठीचं मानक). ३० जून २०२४ नंतर बनणाऱ्या अलार्मना ते लागू झालं. त्यात दोन गोष्टी नव्या. पॉलियुरेथेन फोमची आग, धुमसती आणि पेटती दोन्ही, ठरलेल्या मर्यादेत ओळखावीच लागते, कारण आजचे सोफे आणि गाद्या याच फोमच्या असतात. आणि हॅम्बर्गर भाजताना निघणाऱ्या सुरुवातीच्या धुराला वाजायचं नाही. पूर्वी घर पेटलं तर बाहेर पडायला साधारण १७ मिनिटं मिळत, आता ३ मिनिटं किंवा त्याहून कमी, असं यूएलचे आग-संशोधक सांगतात. सगळा फरक त्या फोमचा आणि प्लास्टिकचा. दुकानात जुन्या मानकाचा माल अजूनही स्वस्तात पडलेला असतो. पेटी उलटी करा, उत्पादनाची तारीख बघा, आणि नव्या मानकाचा उल्लेख नसेल तर सवलत कितीही असो, ठेवून द्या.

आम्ही बेडरूममध्ये फोटोइलेक्ट्रिक, प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारे, सगळे नव्या मानकाचे आणि आतच दहा वर्षांची सीलबंद लिथियम बॅटरी असलेले घेतले. साधा साधारण २५-३० डॉलरला, दुहेरी ५०च्या आसपास. पूर्ण घराचा खर्च एका बऱ्यापैकी फोनपेक्षा कमी आला.

कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण ती निवड तुमच्या छताने करायची आहे. प्रत्येक कंपनीचा प्लग वेगळा. जुना अलार्म फिरवून खाली उतरवा, प्लगचा फोटो काढा आणि तो घेऊन दुकानात जा. त्याच कंपनीचा घेतला तर बऱ्याचदा नुसता प्लग खोचून काम होतं. वेगळ्या कंपनीचा घ्यायचा तर पेटीतला नवा प्लग वायरना जोडावा लागतो किंवा त्यासाठीचा अडॅप्टर मिळतो. मात्र एकाच घरात दोन कंपन्या मिसळू नका. अलार्मना एकमेकांशी जोडणाऱ्या तिसऱ्या वायरवरून जाणारा इशारा प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. सगळे एकमेकांना ऐकतीलच याची खात्री कुणी देत नाही.

लावताना

काम फार नाही, पण १२० व्होल्टशी गाठ आहे. ब्रेकर बंद केला, तरी अलार्मचा हिरवा दिवा विझला का ते पाहिलं आणि नंतर न स्पर्शता वीज ओळखणाऱ्या टेस्टरने छतातला वायरचा प्रत्येक बॉक्स तपासला. बऱ्याच घरांत स्मोक अलार्म बेडरूमच्या दिव्यांच्या सर्किटवर असतात, ब्रेकरच्या पॅनेलवर वेगळी चिठ्ठी नसते. बॉक्समध्ये काळी, पांढरी आणि तिसरी बहुधा लाल वायर दिसते. काळीला काळी, पांढरीला पांढरी, आणि लाल वायरला अलार्मच्या प्लगची तिसरी वायर, मग ती लाल असो वा नारिंगी. ही तिसरी वायर सैल राहिली तर प्रत्येक अलार्म एकेकटा छान चालतो आणि जोडणी मात्र मेलेली असते. म्हणून शेवटी एकाच बटणावर समाधान मानू नका. प्रत्येक अलार्मचं बटण दाबा आणि दर वेळी घरातले बाकी सगळे वाजतात का ते ऐका.

आमच्या बेसमेंटमधल्या बॉक्समध्ये वायर इतक्या आखूड कापलेल्या होत्या की हात आत जाईना. ते एवढंच काम आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. जिन्याच्या वरचं दुमजली छतही त्यालाच दिलं. उंच शिडीवरून पडून जायबंदी होण्यात काहीच शहाणपण नाही.

जागेबद्दल थोडं. शेगडीपासून १० फुटांच्या आत अलार्म नकोच. बाथरूमच्या दारापासून, एसी-हीटच्या झरोक्यापासून आणि पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून ३ फूट लांब. आमचा त्रासदायक अलार्म बाथरूमच्या दारापासून हातभर अंतरावर होता. बांधणाऱ्याने बॉक्स तिथेच ठेवलेला. बॉक्स सरकवून घेण्याचा खर्च मी आनंदाने केला.

त्यानंतरचे महिने

गणपतीत धूप, उदबत्ती, आरतीचा कापूर. पॅसेजमधला अलार्म गप्प राहिला. ताम्हन थेट अलार्मखाली नको एवढी काळजी घेतली. पूर्वी आरतीच्या आधी कुणीतरी खुर्चीवर चढून अलार्म उतरवायचं आणि नंतर परत लावायला विसरायचं. ते बंद झालं, आणि या पूर्ण खरेदीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा हाच.

दिवाळीचं तळण दोन दिवस चाललं. एकदाही आवाज नाही. रोजची फोडणी, भाकरी, पापड भाजणं, यांनाही नाही. ठेच्यासाठी कोरड्या तव्यावर मिरच्या भाजल्या तेव्हा मात्र खोकल्याच्या पाठोपाठ अलार्मही सुरू झाला. हॅम्बर्गर मानकात आहे, मिरची नाही. हश बटण दाबल्यावर साधारण दहा मिनिटं तो शांत राहिला आणि नंतर आपोआप पहाऱ्यावर आला. हे बटण स्वयंपाकघराबाहेरच्या अलार्मला असायलाच हवं. त्याचबरोबर शेगडीवरची चिमणीही बघून घ्या. इथल्या बऱ्याच घरांत ती हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते, घराबाहेर नेतच नाही. आमचीही तशीच आहे. मिरच्या भाजायच्या दिवशी आता खिडकी आधी उघडते.

ऑक्टोबरमध्ये फर्नेस पहिल्यांदा सुरू केली की झरोक्यातून वर्षभराची धूळ जळल्याचा वास येतो. जुने दर वर्षी त्या दिवशी वाजायचे, नवे नाही. गॅसची फर्नेस आणि गॅसचाच पाणी तापवायचा बंब असलेल्या घरात कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे अलार्म मला स्मोक अलार्मइतकेच महत्त्वाचे वाटतात. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. घरातल्या सगळ्यांना दोन आवाजांतला फरक शिकवा: धुरासाठी तीन टाहो आणि थांबा, कार्बन मोनॉक्साइडसाठी चार टाहो आणि थांबा. दोन्ही वेळा आधी बाहेर पडायचं आणि मग ९११.

तक्रारी आहेत. बेडरूममधला हिरवा दिवा अंधारात डोळ्यांत येतो. लेकीने पहिले काही दिवस उशी फिरवून डोकं दुसऱ्या बाजूला केलं. बोलणारा आवाज फक्त इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. बटण इतकं कडक की काठीने दाबताना काठी निसटते. आणि नव्यांपैकी एक फेब्रुवारीत विनाकारण टिकटिकू लागला. कंपनीने तो हमीत बदलून दिला, पण जुना फोटोसकट दाखवून, पावती शोधून, पत्रव्यवहार करून. पावत्या जपा.

सर्वांत मोठी उणीव मात्र कुठल्याही एका मॉडेलची नाही, सगळ्यांचीच आहे. मार्चमध्ये आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आले. बाबांना रात्री कानातलं यंत्र काढून ठेवायची सवय. महिन्याची चाचणी घेताना मी मुद्दाम त्यांच्या खोलीचं दार बंद करून, ते दुपारी झोपलेले असताना बटण दाबलं. अलार्म १० फुटांवर ८५ डेसिबलचा, खोलीतच लावलेला. आई दचकून उठल्या. बाबा उठले नाहीत. म्हातारपणी आधी जातो तो उंच पट्टीचाच आवाज, आणि अलार्म नेमका त्याच पट्टीत वाजतो. गाढ झोपेतल्या लहान मुलांनाही या उंच आवाजाने बऱ्याचदा जाग येत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

याला उत्तर आहे ते ५२० हर्ट्‌झच्या जाड, खालच्या आवाजाचं. ऐकू कमी येणाऱ्यांच्या झोपायच्या खोलीसाठी अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत हाच आवाज सांगितलेला आहे. आम्ही बाबांच्या उशाशी एक यंत्र ठेवलं. ते छतावरच्या अलार्मचे तीन टाहो ओळखतं, मग स्वतः खालच्या पट्टीत वाजतं आणि गादीखाली ठेवलेली चकती हलवतं. पुढच्या चाचणीला बाबा उठून बसले आणि म्हणाले, “हां, आता कळलं.” याची किंमत छतावरच्या तीन-चार अलार्मइतकी आहे, आणि मी ती पुन्हा देईन. भारतातून म्हातारे आई-वडील येणार असतील तर त्यांच्या विम्याबरोबर हेही मागवून ठेवा.

रात्री बेडरूमची दारं आम्ही आता बंद ठेवतो. बंद दार धूर आणि उष्णता बराच वेळ बाहेर रोखतं. दार बंद म्हणजे बाहेरचा अलार्म कमी ऐकू येणार ही भीती होती, पण प्रत्येक खोलीतला अलार्म जोडलेला असेल तर तो प्रश्न उरत नाही.

जुन्यांचं काय करायचं, हे बऱ्याच जणी विचारतात. अमेरिशियमचा कण बंद कवचात असतो आणि छतावर असताना त्याचा धोका नाही, पण अलार्म फोडून उघडू नका, जाळू नका. काही कंपन्या जुने परत घेतात, काही गावांच्या घातक कचऱ्याच्या दिवशी ते देता येतात. आमच्या गावात तसा दिवस असतो, आम्ही तिथे दिले. बॅटऱ्या आधी काढल्या आणि त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावली.

नव्या प्रत्येकाच्या कडेला मी काळ्या मार्करने बदलायचं वर्ष लिहिलंय, खाली उभं राहून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात: २०३५. दुहेरी अलार्मचं आयुष्यही १० वर्षांचंच असल्याची खात्री घेताना करून घेतली होती, त्यामुळे सगळ्यांवर एकच साल आहे. पॅनेलच्या दाराला आतून चिठ्ठी लावली आहे: कोणता ब्रेकर, कोणत्या कंपनीचा प्लग, कोणता अलार्म कुठे. घर उद्या दुसऱ्या कुणाचं झालं तरी ती चिठ्ठी तिथेच राहील.